कुंभार्ली घाट, पावसाळा आणि सारखा बंद पडणारा डावा हेडलाईट

पुण्याहून गुहागरला जायचं तर आमच्या घरात कुंभार्लीचाच रस्ता ठरलेला. सातारा ओलांडून उंब्रजला महामार्ग सोडायचा, मल्हारपेठवरून पाटण, मग कोयनानगर, हेळवाक आणि घाट उतरून पोफळी, चिपळूण. जुलैत निघालो ते मी, बायको आणि आई. घाट, हिरवाई, धबधबे यांबद्दल सगळे लिहितात. मला लिहायचंय ते गाडीच्या डाव्या हेडलाईटबद्दल. पावसाळ्यात हा घाट उतरणाऱ्याला त्याचा जास्त उपयोग होईल.

गाडी सेकंडहँड घेतलेली, पेट्रोल हॅचबॅक. त्यात नेहमीचा एच४ बल्ब, ६०/५५ वॅटचा. म्हणजे अप्पर (लांबचा उजेड) आणि डिपर (जवळचा उजेड) एकाच काचेत, मागे तीन पाती. उन्हाळ्यापासून डावा दिवा मधूनच बंद पडायचा. गॅरेजात नेला की नवा बल्ब पडायचा, दिवा लागायचा, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा अंधार. निघण्याआधीही नवा बल्ब टाकून घेतला होता.

उंब्रज सोडल्यावर आभाळ भरून आलं, म्हणून दिवे लावले. पुढे एक ट्रक होता. त्याच्या मागच्या फाळक्यावर उजवीकडे आपला उजेड स्वच्छ पडलेला, डावीकडे काहीच नाही. त्याहून चमत्कारिक म्हणजे, दिवे डिपरवर असूनही मीटरमधला अप्परचा निळा दिवा मिणमिणत होता. ही खूण लक्षात ठेवा, पुढे तिचा अर्थ येतो.

पाटणला थांबलो. घाटाआधीचं धड बाजारपेठेचं गाव हेच. पुढे कोयनानगरला चहा-नाश्ता मिळेल, पण गाडीच्या इलेक्ट्रिकच्या कामासाठी थेट चिपळूणपर्यंत थांबावं लागेल असंच धरून चाला. रस्त्यालगत एका टपरीत वायरिंगची कामं करणारे एक वयस्कर मामा बसले होते. मी डिकीतला सुटा बल्ब काढून त्यांच्यापुढे धरला.

"बल्ब ठेवा तिकडं," मामा म्हणाले. "हितं कुणी बदललाय आधी?"

"हो, सारखा बदलतोय. नवीनच आहे हा."

"मग त्याला काय धाड भरलीया? बल्ब न्हाई वो जात. बल्बाचं घर जळालंय."

त्यांनी डाव्या दिव्याचा बल्ब काढून उजव्या बाजूला लावला आणि उजव्याचा डावीकडे. उजवीकडे तो 'गेलेला' बल्ब झक्क लागला, डावी बाजू तशीच काळी. दोन मिनिटांचं काम, हत्यारही लागत नाही. दोष बल्बाबरोबर सरकला तर बल्ब गेला, दोष त्याच बाजूला राहिला तर बल्ब निर्दोष. बाकी काही करण्याआधी प्रत्येकाने हे करावं असं मला अगदी मनापासून वाटतं. यात फसवणूकही टळते आणि खर्चही.

मग त्यांनी कपलर, म्हणजे बल्बाच्या पातींवर मागून बसणारा वायरींचा प्लग, उजेडात धरला. मामांचं 'बल्बाचं घर' ते हेच. प्लास्टिक मुळात पांढरट होतं. दोन उभ्या पातींपैकी एकीच्या खाचेभोवती ते तपकिरी होऊन फुगलं होतं, आणि आतल्या पितळी टर्मिनलवर हिरवट-काळी पूड धरली होती. वायर किंचित ओढली तर टर्मिनलसकट हातात आली. ती अर्थिंगची, म्हणजे करंट परत नेणारी वायर. मागचं रबरी बूटही धड बसवलेलं नव्हतं, एका बाजूने दुमडलेलं होतं. बल्ब बदलताना ते कुणीतरी तसंच कोंबलं असणार. त्या फटीतून पाणी आत जायचं.

सगळी साखळी अशी लागते. ५५ वॅटचा बल्ब साधारण साडेचार अँपिअर करंट ओढतो. टर्मिनल सैल असेल किंवा गंजलं असेल तर त्या जागी अडथळा तयार होतो आणि अडथळ्याच्या जागी उष्णता. उष्णतेने पितळेची पकड आणखी ढिली होते, ढिलाईने आणखी तापतं. कुणी मोहाने १००/९० वॅटचा बल्ब टाकलेला असेल तर करंट आठ अँपिअरच्या आसपास जातो आणि मूळ कपलर त्यासाठी बनवलेलाच नसतो. आमच्या गाडीच्या आधीच्या मालकाने तसाच बल्ब वापरला असावा, असा मामांचा कयास. उजवा कपलरही थोडा पिवळा पडला होता, त्यावरून तो मला पटला.

आणि नवा बल्ब टाकल्यावर दिवा का लागायचा? कारण बल्ब बदलताना कपलर ओढून पुन्हा दाबून बसवला जातो. पाती घासल्या जातात, गंज खरवडला जातो, आणि आठ-पंधरा दिवस संपर्क नीट मिळतो. श्रेय नव्या बल्बाला जातं. काढलेला जुना बल्ब कुणी नीट पाहतच नाही. तो जरूर पाहा. काचेतली बारीक तार तुटलेली नसेल तर बल्ब चांगला आहे. काच आतून पांढरी दुधाळ झाली असेल तर आत हवा शिरलीय. आणि तार तुटलेली, त्यात दोन्ही बाजूंचे बल्ब वरचेवर उडतायत, तर चार्जिंग तपासा. इंजिन रेस करून बॅटरीवर व्होल्टमीटर लावा. १३.८ ते १४.५ व्होल्ट ठीक, १५च्या वर गेलं तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडलाय. नुसतं पाच टक्के व्होल्टेज जास्त मिळालं तरी हॅलोजनचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं.

आता तो निळा दिवा. अर्थिंग तुटलं की डिपरच्या तारेतून आलेल्या करंटला परतीची वाट उरत नाही. मग तो बल्बातल्याच अप्परच्या तारेतून उलटा शिरतो आणि अप्परच्या सर्किटमधून वाट काढतो. त्यात निळा इंडिकेटरही येतो, म्हणून तो मिणमिणतो. हे दिसलं तर बल्ब विकत घेऊ नका, अर्थिंग शोधा. मात्र काही गाड्यांत दिवा चालू-बंद करणारं स्विचिंग अर्थिंगच्या बाजूने असतं, तिथे सामाईक पातीवर अर्थिंगऐवजी सप्लाय येतो. तेव्हा वायर कापण्याआधी टेस्ट लॅम्पने खात्री करून घ्या.

माझ्याजवळ छोटा मल्टिमीटर होता, मामांनाही उत्सुकता होती. वायर खाचेत दाबून धरल्यावर दिवा लागला. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, बल्बाच्या पातींवर जेमतेम साडेअकरा. बॅटरीची ऋण बाजू आणि बल्बाची अर्थिंगची पात यांच्यात मीटर धरला तर दोनच्या वर. दिवा चालू असताना इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा कमीच दिसायला हवं. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो. म्हणजे लागायचा तेव्हाही हा दिवा आम्हाला अर्धामुर्धाच उजेड देत होता.

मामांनी जळकी वायर चांगलं तांबं लागेपर्यंत मागे कापली, जळक्या कपलरच्या जागी सिरॅमिकचा होल्डर जोडला, जोड नुसते पिळून न ठेवता सोल्डर केले आणि वर स्लीव्ह चढवली. अर्थिंगसाठी वेगळी जाड वायर टाकली, तिला गोल लग लावला आणि बॉडीवरच्या बोल्टखालचा रंग खरवडून तो घट्ट आवळला. वरून थोडं पेट्रोलियम जेली, गंज धरू नये म्हणून. बूट नीट बसवलं. सगळं पाचशेच्या आत. अशी माणसं घाटाच्या तोंडाशी आहेत म्हणून आपला प्रवास चालतो. त्यांच्याशी घासाघीस करू नये.

घाटाच्या माथ्यावर धुकं इतकं होतं की पुढच्या एसटीचे मागचे लाल दिवे तेवढे दिसत होते. धुक्यात डिपरच ठेवा, अप्परचा उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांवर येतो. शक्य झालं तर दुपारी तीनच्या आत पाटण सोडा. पावसाळ्यात घाटात संध्याकाळ लवकर होते.

पाटणला दिवे चालू असतानाच खाली उतरून, गाडीपुढे उभं राहून एकदा दोन्ही दिवे पाहून घ्या. जवळ एक बल्ब, योग्य अँपिअरचे दोन फ्यूज आणि स्वच्छ कोरडं फडकं ठेवा. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, बोटांचा तेलकटपणा तापून काच तिथेच कमजोर होते. एलईडीचा बल्ब घाला असं अनेकजण सुचवतात. हॅलोजनसाठी बनलेल्या रिफ्लेक्टरमध्ये त्याचा उजेड विखुरतो, समोरच्याचे डोळे दिपतात, आणि जळका कपलर तसाच राहतो. मी घालणार नाही.

घाटातच एक बल्ब उडाला आणि सुटा जवळ नसला, तर चालू बल्ब उजव्या बाजूला लावा. समोरून येणाऱ्याला गाडीची त्याच्याकडची कड त्या दिव्यावरून कळते. तो बंद असला की त्याला मोटरसायकल वाटते आणि तो अंगावर येतो. बदलायला मात्र वळणावर थांबू नका. हॅझर्ड लावून सावकाश रुंद जागा गाठा, नाहीतर पोफळीपर्यंत उतरा. चिपळूणला बहादूरशेख नाक्याला रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो, तिथे आसपास चौकशी केलीत की इलेक्ट्रिशियन मिळतो. गुहागर तिथून आणखी पंचेचाळीस किलोमीटर आहे आणि शृंगारतळीपर्यंत बराचसा रस्ता अंधाराचा, त्यामुळे दुरुस्ती पुढे ढकलू नका.