जकात नाक्यावरचे काका आणि बोस्टनचा चहा

बोस्टनमध्ये मी मराठी-हिंदी गटांना शहर दाखवते. उन्हाळ्यात मुलांकडे आलेले आईवडील हे आमचं मुख्य गिऱ्हाईक. रस्त्यातल्या लाल विटांच्या रेघेवरून चालायचं, ‘करांना कंटाळून इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहती स्वतंत्र झाल्या’ एवढं दोन मिनिटांत उरकायचं आणि फोटोंना भरपूर वेळ द्यायचा, ही रीत. परवाच्या गटात मात्र जकात नाक्यावर उभा जन्म काढलेले एक काका होते.

ओल्ड साउथ मीटिंग हाउससमोर मी नेहमीचं सुरू केलं. 16 डिसेंबर 1773 ला इथे पाचेक हजार माणूस जमला आणि त्याच रात्री तीन जहाजांवरच्या चहाच्या 342 पेट्या बंदरात फेकल्या गेल्या. ‘आसामचा का गं?’ एका काकूंनी विचारलं. नाही, चिनी. आसामातले मळे पुढच्या शतकातले. आणणारी ईस्ट इंडिया कंपनी मात्र तीच, आपल्या ओळखीची.

काका पुढे आले. ‘दर काय होता?’

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. पौंडभर चहामागे तीन पेन्स, मी म्हटलं. तोही जुनाच, 1767 पासूनचा. उलट 1773 च्या कायद्याने कंपनीला थेट विक्रीची मुभा मिळाली आणि कर धरूनही तिचा चहा चोरट्या डच चहापेक्षा स्वस्त पडणार होता.

‘स्वस्त चहा फेकला?’ गट बुचकळ्यात. काका तेवढे हसले. ‘चोरट्या मालवाल्यांचा धंदा बसणार होता, म्हण की.’

खोटं नव्हतं ते. जॉन हॅनकॉक हे इथल्या व्यापाऱ्यांतलं मोठं नाव. 1768 मध्ये त्यांचं ‘लिबर्टी’ जहाज तस्करीच्या आरोपावरून जप्त झालं, तेव्हा शहरात दंगल उसळली होती. मग काकांसाठी मी काकवीची गोष्ट काढली. रम गाळायला लागणाऱ्या परदेशी काकवीवर 1733 पासून गॅलनला सहा पेन्स कर होता, पण भरत होतं कोण? सात वर्षांचं युद्ध 1763 मध्ये संपलं तेव्हा ब्रिटनचं कर्ज जवळजवळ दुप्पट झालेलं. म्हणून 1764 मध्ये दर तीन पेन्सवर आणला आणि वसुली मात्र कडक केली. आरमाराची जहाजं पहाऱ्याला, आणि खटला ज्युरी नसलेल्या कोर्टात.

‘दर निम्मा आणि बोंब दुप्पट! अगं, होणारच,’ काका म्हणाले. ‘सहा कागदावर होते, तीन खिशातून जायला लागले.’

पण तस्करांच्या भांडणातून देश उभा राहत नाही, हेही त्यांना सांगणं भाग होतं. हा पैसा जाणार कुठे, यात खरी मेख होती. गव्हर्नरचा पगार पूर्वी इथलं प्रतिनिधिमंडळ मंजूर करायचं, त्यामुळे त्याला लोकांचं ऐकावं लागे. आता तो आणि न्यायाधीशांचा पगार या जकातीतून परस्पर द्यायची सोय लंडनने केली. शिवाय गव्हर्नर हचिन्सन यांचे दोन मुलगे कंपनीच्या चहाचे इथले एजंट. काकांनी कपाळावर हात मारला. ‘पोरांनाच एजन्सी!’

तरीही स्वातंत्र्य कुणी मागत नव्हतं. आम्ही इंग्रज प्रजाजन आहोत, लंडनच्या पार्लमेंटात आमचा प्रतिनिधी नाही, तर कर कसा लावता, एवढंच म्हणणं. लंडनने 1766 मध्ये कागदपत्रांवरचा मुद्रांक कर मागे घेतला, पण त्याच दिवशी कायदा करून ठेवला की पार्लमेंट वसाहतींसाठी कसलाही कायदा करू शकते. चहानंतर बोस्टनचं बंदर बंद झालं, मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली. एरवी एकमेकांवर फारसा भरवसा नसलेल्या वसाहतींनी बोस्टनला धान्य धाडलं. आज याची, उद्या आपली, हे त्यांना दिसलं. एप्रिल 1775 मध्ये लेक्झिंग्टनला गोळ्या चालल्या आणि त्यानंतरही, जुलैत, फिलाडेल्फियात जमलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधींचा राजाकडे विनंतीअर्ज गेला. त्याने तो घेतलाच नाही. ऑगस्टमध्ये बंडाची घोषणा काढली.

‘अर्जच घेतला नाही?’ काका थबकले. दर, तस्करी, कोर्ट, सगळं त्यांनी हसत ऐकलं होतं, हे नाही. ‘आम्ही नाक्यावर शिव्या खाल्ल्या, पण अर्ज घेऊन पोच द्यायचोच.’

पुढे ओल्ड स्टेट हाउसच्या सज्जात 18 जुलै 1776 ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. इमारतीवरचे राजाचे सिंह आणि युनिकॉर्न त्या संध्याकाळी जाळले. आज दिसतात त्या प्रतिकृती.

‘मग जकात गेली?’

कसली जाते! 1789 मध्ये नव्या सरकारने उत्पन्नासाठी आधी आयात शुल्कच लावलं. त्याअगोदर 1786 मध्ये याच राज्याच्या करांविरुद्ध इथले शेतकरी उठले, तेव्हा चहाच्या सभेतले पुढारी सॅम्युअल अ‍ॅडम्स बंडखोरांना फाशी द्या म्हणत होते.

‘कुठे पुरलंय त्यांना?’ ग्रॅनरी स्मशानभूमीत, मागे राहिली ती. गट जेवायला निघाला होता. काकूंचा आरडाओरडा कानाआड करून काका उलटे चालायला लागले, आणि त्यांच्यामागे मी.