बिनपिसाऱ्याचे मोर

"आत्ता मोर बघायला आलात? पिसं झडलीत की त्यांची!"

मोराच्या चिंचोलीत गाडीतून उतरल्या उतरल्या मावशींनी आमचं स्वागत केलं ते हे असं. दसरा होऊन चार दिवस झाले होते. सुट्ट्या, भाच्याची सहामाही, माझं ऑफिस असं सगळं जुळवून मी ही तारीख काढली होती. मोरांचं वेळापत्रक काही विचारलं नव्हतं.

गाव शिरूर तालुक्यातलं. पुण्याहून नगर रस्त्याने शिक्रापूरपर्यंत यायचं आणि आत वळायचं, की तासा-दीड तासात पोचतो. पेशवाईत इथे चिंचा लावल्या, चिंचांमागून मोर आले, असं गावात सांगतात. खरंखोटं कोण बघायला गेलंय, पण चिंचा आहेत आणि मोरही आहेत.

संध्याकाळी साडेपाचला मावशी आम्हाला बाजरी काढलेल्या रानाच्या बांधावर घेऊन गेल्या. "बोलू नका, हात हलवू नका." दहा मिनिटांनी दोन लांडोरी आल्या, मागून एक मोर. निळी मान, डोक्यावर तुरा, चाल तीच ऐटबाज. आणि मागे... काहीच नाही. एक आखूड, तपकिरी शेपूट तेवढी.

"आत्या, हा कोंबडा आहे का?" भाचा कुजबुजला.

मला मात्र तेव्हाच एक गोष्ट नीट कळली. आपण ज्याला मोराची शेपटी म्हणतो ती शेपटी नसतेच. पिसारा म्हणजे शेपटीच्या वरच्या बाजूची, पाठीच्या टोकाला उगवलेली, बेसुमार वाढलेली दीडशेच्या आसपास पिसं. खरी शेपटी त्याखाली दडलेली असते. वीस आखूड पिसांची, ताठ आणि अगदी साधी. मोर नाचतो तेव्हा हीच मागून टेकू देते आणि तिच्याच थरथरीने पिसारा सळसळतो. एरवी ती बघायची तर मोराच्या पाठीमागे जाऊन उभं राहावं लागतं, आणि तिथे कोण कशाला जातंय!

पाऊस ओसरायला लागला की पिसारा झडतो आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा पुरता भरतो. दरवर्षी नवा. "एवढं कापड दरसाल शिवायचं म्हणजे काय खाऊ आहे का?" इति मावशी.

रात्री पिठलं-भाकरी झाल्यावर त्यांनी माळ्यावरून पिसांची जुडी काढली, सगळी रानात वेचलेली. त्यातलं एक मी बल्बसमोर धरलं. ज्या बाजूने उजेड पडत होता तिकडून हिरवा, निळा, सोनेरी डोळा. उलट करून उजेडाच्या आड धरलं तर नुसतं मातकट, तपकिरी. पिसात निळा रंग नसतोच. तपकिरी रंगद्रव्याच्या अतिसूक्ष्म कांड्या अशा काही रचलेल्या असतात, की त्यांच्यावर आपटून परतणाऱ्या उजेडातून आपल्याला निळं-हिरवं दिसतं. जुडीत दोन-तीन पिसं बिनडोळ्याची निघाली, टोकाला माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली. ती पिसाऱ्याच्या कडेची. वासुदेवाच्या टोपीत मी ती कधी पाहिली नव्हती, किंवा लक्ष दिलं नव्हतं.

भाच्याने एक पीस वहीत ठेवलं आणि आईकडून ऐकलं होतं म्हणून पेन्सिलीचं टरफलही घातलं, म्हणजे पिल्लं होतील. आम्हीही चौथीत हेच करायचो. मी काही बोलले नाही.

मोरांचा त्रास होत नाही का, असं विचारल्यावर मावशी पहिल्यांदा जरा तडकल्या. पेरलेला भुईमूग उकरतात, मिरचीचे शेंडे खुडतात. पण हात कुणी लावत नाही. 1972 च्या कायद्याने मोर मारणं गुन्हा आहे ते तर आहेच. "सासूबाई म्हणायच्या, दोन सरी मोराच्या धरूनच पेरायचं." हे ऐकायला गोड वाटतं, पण त्या दोन सरींचं बियाणं मावशींच्या पैशाचं असतं. आम्ही शहरातले लोक भरलेला पिसारा बघून फोटो काढून निघून जातो.

तिथून आम्ही मोरगावला गेलो. कऱ्हेकाठचं, अष्टविनायकातलं पहिलं. गणपती इथे मोरावर बसून सिंधू दैत्याशी लढला, म्हणून मयूरेश्वर. देवळाच्या चारी कोपऱ्यांना मनोरे आणि गणपतीसमोर चक्क नंदी! मोर मात्र मला एकही दिसला नाही, दुकानांतल्या तसबिरींतले सोडले तर. याच तालुक्यात, बारामतीत, मोरोपंत राहिले. देवाला घातलेल्या विनवण्यांना त्यांनी 'केकावली' हे नाव दिलं. केका म्हणजे मोराची हाक. शाळेत मला ते नाव नाजूक वाटायचं. चिंचोलीत पहाटे पाचला चिंचेवरून पहिली केका ऐकली तेव्हा मी अंथरुणात दचकून बसले होते. कर्कश, गळा फाडून मारलेली. पंतांनी ती रोज ऐकली असणार, म्हणूनच तो शब्द निवडला असणार.

त्याच पहाटेचं एक सांगायचं राहिलं. अंगणात तो कालचाच मोर आला होता. लांडोर दिसताच त्याने अंग फुगवलं, पंख खाली सोडले आणि ती आखूड तपकिरी शेपूट पंख्यासारखी उभी करून गोल गोल फिरायला लागला. लांडोर सांडलेली बाजरी टिपत राहिली.