पाकिटावरचा हिशोब आणि हस्ताचा पाऊस

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गुहागरकडच्या एक काकू दापोलीतल्या आमच्या नर्सरीत पेट्युनिया या हंगामी फुलझाडाची मेलेली रोपं घेऊन आल्या. बियांचं पाकीट मुलीने टोरांटोहून पाठवलेलं. त्यावर लिहिल्याप्रमाणे त्यांनी मार्चमध्ये ट्रेत पेरणी केली आणि मेअखेर रोपं वाफ्यात लावली. ‘‘बीच खोटं निघालं का हो?’’

बी उत्तम होतं. रोपाची शेंड्याची पानं अजून हिरवी होती, पण मातीलगत खोड काळपट आणि पिचपिचीत. मूळ चिमटीत धरून ओढलं की साल सुटून यायची आणि आतला दोऱ्यासारखा गाभा तेवढा उरायचा. पाणी साचलेल्या मातीत पिथियम बुरशी मुळांची अशीच वाट लावते.

टोरांटोकडे मेच्या मध्यापर्यंत रात्री दंव गोठायची भीती असते. म्हणून नाजूक हंगामी फुलं तिथे 24 मेच्या आसपास बाहेर लावतात, आणि तिथून दहा-बारा आठवडे मागे मोजून पेट्युनिया घरात पेरतात. कोकण किनाऱ्यावर दंव गोठत नाही. इथे या फुलांचा हंगाम पाऊस गेल्यावर सुरू होतो, म्हणून मागे मोजायचं ते पावसाच्या शेवटापासून. काकूंची रोपं लावली आणि आठ-दहा दिवसांत मृग सुरू झाला. ती टिकणं शक्यच नव्हतं.

हस्त 27 सप्टेंबरच्या सुमारास लागतं, चित्रा 10-11 ऑक्टोबरला. हस्ताचा पाऊस चित्रातही रेंगाळतो, म्हणून 20 ऑक्टोबरच्या आधी पेट्युनिया उघड्यावर लावू नये असं माझं ठाम मत आहे. इथल्या उबेत रोप सहा-सात आठवड्यांत तयार होतं, म्हणजे पेरणी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. बहुतेक वर्षी हे दिवस गणपतीच्या धांदलीचे असतात आणि पेरणी राहून जाते.

बी धुळीसारखं बारीक असतं. कोरड्या बारीक वाळूत मिसळून ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) भुरभुरावं. वर माती टाकू नये, त्याला रुजायला उजेड लागतो. झारीने बी वाहून जातं, म्हणून ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्यावी. डोक्यावर प्लास्टिक हवं, पण बाजू मोकळ्या. चारी बाजूंनी झाकलं तर दमट हवेत रोपं रातोरात कोलमडतात. पाणी फक्त सकाळी. पहिल्या दोन बीजपानांनंतरची खरी पानं आली की 19:19:19 खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. तिकडे लावणीआधी आठवडाभर रोपाला थंडीची सवय करतात, इथे उन्हाची करायची: आधी सकाळचे दोन तास, मग वाढवत न्यायचं. वाफा वीतभर उंच, रोपांत फुटाचं अंतर.

पॅन्सीचं पाकीटही होतं. त्याला मी स्पष्ट नाही म्हटलं. जानेवारीतही दुपारी पारा तिशीला जातो, पॅन्सीला ते सोसत नाही. त्याऐवजी ऑक्टोबरअखेर झिनिया थेट वाफ्यात पेरावा. दाटी मात्र करू नये, पानांवर भुरी (पांढरी बुरशी) येते.

झेंडूचं गणित सणापासून मागे मोजायचं. 2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला होता, 2026 चा 20 ऑक्टोबरला. पेरणी तितकीच पुढे सरकते. रोपाचे साडेतीन आठवडे आणि लावणीनंतरचे साठेक दिवस धरले तर 2026 साठी 25 जुलैच्या सुमारास बी पडलं पाहिजे. रोपं प्लास्टिकखाली वाढवावीत आणि भर पावसातली लावणी उंच गादीवाफ्यावरच करावी.

काकूंकडे अर्धं पाकीट शिल्लक होतं. ते पावसाळी हवेत उघडं राहिलं तर बियांची उगवण घटते. घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत, सप्टेंबरपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं.