नजर खाली ठेवणारा मुलगा
सांगलीत आमच्या घरी हळकुंडांची रास पडली की माझा भाचा ती लांबीप्रमाणे तासन्‌तास ओळीने मांडत बसे आणि हाक मारली तरी मान वर करीत नसे. वडीलधाऱ्यांच्या नजरेला नजर न भिडवणे हा आमच्याकडे संस्कार समजला जात असल्याने, स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) ज्या लक्षणाची डॉक्टर आवर्जून चौकशी करतात, त्याचेच घरात वर्षानुवर्षे कौतुक झाले. ‘मुलगे उशिराच बोलतात’ हे आजीचे पालुपद होतेच. अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांची निरीक्षणे १९४३ मध्येच मांडली होती. आपल्या १९९५ च्या अपंगत्व कायद्यात मात्र स्वमग्नतेचा समावेश नव्हता, तो १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात झाला. ‘स्वमग्न’ हा शब्दही मला खटकतो, कारण मिरजेहून कोणती गाडी किती वाजता सुटते, हे भाचा अनोळखी माणसालाही आपणहून सांगतो.