ओहोटीच्या पायऱ्या

पाण्याकडे जायचे म्हणजे पायऱ्या उतरायच्या, हे आम्हा नाशिककरांच्या इतके अंगवळणी पडलेले आहे की पाण्याकाठच्या बांधकामाला घाटाखेरीज दुसरे नाव असू शकते, हे सहसा आमच्या ध्यानात येत नाही. रामकुंडाच्या पायऱ्या उतरून माणूस स्नान करतो, दिवा सोडतो आणि त्याच पायऱ्या चढून घरी परततो. गोदावरीने आपल्याला कुठे पोहोचवावे, अशी त्याची अपेक्षा नसते. ‘धक्का’ हा शब्द मला कळला तो आजोळामुळे. आई अलिबागकडच्या रेवस बंदराजवळच्या एका गावची. लग्न होऊन ती पंचवटीत आली, नदीकाठी संसार केला; पण पावसाळ्यात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आल्याची बातमी घेऊन शेजारीण दारात उभी राहिली, की आईच्या तोंडून हमखास निघे, “मग ओहोटी कधी लागायची?” शेजारीण हसे, आणि मागाहून आईही हसे. नाशिकमध्ये समुद्रावरून आलेली वस्तू तिला एकच सापडली होती, ती म्हणजे वसईच्या विजयानंतर आणलेली नारोशंकराची घंटा. तीही माझ्यासारखी सासरी आलेली, असे ती म्हणत असे.

मे महिन्यात आम्ही नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस धरत असू. गाडी कसारा घाट उतरू लागली की आईचा चेहरा बदले. शेवटच्या स्थानकाला ती कधीही व्हीटी म्हणाली नाही, बोरीबंदरच म्हणे. १८५३ साली ठाण्याची पहिली आगगाडी सुटली ती याच बोरीबंदरावरून, आणि १८६५ साली थळ घाटातला, म्हणजे याच कसारा घाटातला, लोहमार्ग खुला झाल्यावर आमच्या बाजूची माणसे डोंगर उतरून थेट बंदर नावाच्या ठिकाणी पोहोचू लागली. पाणी मात्र तिथे दिसत नसे. पाणी दिसे ते टॅक्सीने भाऊच्या धक्क्यावर गेल्यावर, आणि त्याही आधी सुक्या मासळीचा वास येई.

तिथल्या पायऱ्या आमच्या घाटाच्या पायऱ्यांसारख्या नव्हेत. भरतीच्या वेळी लाँच जवळजवळ धक्क्याच्या बरोबरीने उभी असे आणि माणूस सहज आत पाऊल टाकी. ओहोटीला हीच लाँच खोल खाली गेलेली असे, आणि एरवी पाण्याखाली असणाऱ्या पायऱ्या हिरव्या शेवाळाने माखून, कालवांच्या धारदार कवचांसकट उघड्या पडत. कडेला लोंबणाऱ्या जुन्या टायरांवर लाँच घासत राही. लाटेने ती वर आली की खलाशी एका हाताने दोर धरून दुसरा हात पुढे करी आणि नेमक्या क्षणी म्हणे, “आता!” त्या एका क्षणात ट्रंक, पिशव्या, आंब्यांची करंडी आणि मी, असे सगळे आत ओढले जात असू. आईला तो हात कधीच लागला नाही. साडीचा घोळ वर खोचून ती आमच्या आधी आत जाऊन बसलेली असे.

हा भाऊ कोण, असे मी तिला विचारले होते. “असेल कुणीतरी आपल्यातलाच,” असे तिने सांगितले, आणि ते फारसे चूक नव्हते. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य हे पाठारे प्रभू समाजातले गृहस्थ कुलाब्याच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात कारकून होते. लोक त्यांना भाऊ अजिंक्य किंवा भाऊ रसूल म्हणत. कोकणातून येणाऱ्या होड्या ओहोटीला किनाऱ्याशी येऊ शकत नसत आणि उतारूंना चिखल तुडवत जमीन गाठावी लागे. भाऊंनी शहरातला केरकचरा भरावाला वापरून समुद्र मागे हटवला आणि १८४१ मध्ये धक्का उभा राहिला. साहेबी थाटाच्या मुंबईतल्या या सोयीचा पाया केरकचऱ्याचा होता, हे मला फार आवडते.

जवळच्या कर्नाक बंदराला गव्हर्नरचे नाव मिळाले, पुढच्या गोद्यांना राजघराण्याची नावे मिळाली: १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक. या सगळ्यात कारकुनाच्या धक्क्याला लोकांनी त्याच्या घरगुती हाकेचे नाव दिले. इंग्रजीत त्याला फेरी वार्फ म्हणतात, पण अलिबागकडे जाणारा माणूस ते नाव घेताना मी ऐकलेले नाही. आणखी गंमत अशी की भाऊंनी बांधलेला धक्का आज तिथे नाहीच. मूळ जागा दक्षिणेला, कर्नाक बंदराच्या आसपासची. पुढे भराव पडत गेले, किनारा सरकला, आणि नाव मात्र उतारूंबरोबर चालत माझगावच्या बाजूला येऊन थांबले. दगड मागे राहिला आणि हाक पुढे गेली.

याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ रोजी, अमावास्येच्या सकाळी, ‘रामदास’ ही आगबोट रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ भर वादळात उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. आईच्या गावातही त्या दिवसाचे श्राद्ध करणारी घरे होती. आमची लाँच त्या बाजूला पोहोचली की आईचे बोलणे थांबे आणि ती पदर खांद्यावर ओढून हात जोडी. आम्ही मुले त्या वेळी शेंगा खात असू.

गेल्या हिवाळ्यात आजोळच्या एका लग्नाला जायचे निघाले. आईला प्रवास झेपणार नव्हता. तिने नाशिकलाच राहून आहेराचे पाकीट माझ्या हाती दिले. २०२० पासून धक्क्याच्या शेजारून मांडव्याला रो-रो बोट जाते, तिच्यात मोटार थेट पोटात शिरते आणि माणसाला धक्क्याला पायही लावावा लागत नाही. सोय उत्तम आहे, तक्रार करण्यासारखे काही नाही. बोटीला अवकाश होता, म्हणून मोटार रांगेत मुलाकडे सोपवून मी जुन्या पायऱ्यांपर्यंत चालत गेलो. रेवसची लाँच लागलेली होती, पिशव्या घेतलेल्या बायका उतरत होत्या आणि एक खलाशी हात पुढे करून उभा होता.

मांडव्याला उतरल्यावर आईला फोन केला. कोण भेटले, नवरीने कोणती साडी नेसायचे ठरवले आहे, यातले काही न विचारता ती म्हणाली, “किती पायऱ्या उघड्या होत्या रे?”

मी मोजल्या होत्या. “अकरा,” मी सांगितले.

“मग पुरती ओहोटी नव्हती,” ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.