सायकलवाल्याचा अंदाज

रस्त्यावर सायकलवाला दोन्ही पक्षांत मोडतो. ट्रकच्या शेजारी असताना तो बिचारा असतो आणि पायी चालणाऱ्या आजोबांच्या कोपराजवळून सुळकन निघून जातो तेव्हा वाहनवाला. पहिली भूमिका त्याला तोंडपाठ असते. दुसरीची आठवण आजोबा दचकल्यावर होते, तीही झाली तर. सायकल पंधरा किलोची असली तरी वर माणूस बसला की ऐंशी-नव्वद किलोंचा ऐवज आवाज न करता धावत असतो.

ताशी २० किलोमीटर हा काही फार वेग नव्हे, तरी त्यात सेकंदाला साडेपाच मीटर रस्ता मागे पडतो. कुणी आडवं आलंय हे कळून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद सहज जातो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगले असतील तर, तीनेक मीटर. म्हणजे नऊ मीटर धरा. ताशी २५ला हाच हिशेब बाराच्या आसपास पोचतो, कारण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. गर्दीच्या गल्लीत समोर बारा मीटर मोकळे आहेत का, एवढं पाहिलं तरी किती वेगाने जायचं ते ठरतं.

ब्रेकबद्दल एक जुनी भीती आहे: पुढचा दाबला की माणूस हँडलवरून पुढे जातो. म्हणून कित्येकजण आयुष्यभर मागच्या ब्रेकवर काढतात. पण थांबताना वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं आणि नुसत्या मागच्या ब्रेकने ते घसरत राहतं. खरं थांबवतो तो पुढचाच. दोन्ही ब्रेक एकदम लावावेत, पुढच्यावरचा जोर क्रमाने वाढवावा, अंग सीटवर जरा मागे न्यावं. हे रिकाम्या मैदानात दहा-पंधरा वेळा केलं की भीती जाते. वळणावर किंवा ओल्या रस्त्यावर मात्र पुढचा ब्रेक गचकन आवळू नये. पावसात रिमवर पकडणारे ब्रेक लावले की चाकाचे पहिले काही फेरे तर नुसतं पाणी पुसण्यातच जातात. तिथे आधीपासून हलका ब्रेक धरून ठेवायचा. रबरावरच्या खाचा बुजल्या की रबर बदलायचं. आणि ते रिमवरच बसतंय ना, हे वाकून पाहायचं. टायरला घासणारं रबर टायरची बाजू कापत जातं आणि एक दिवस ट्यूब फुटते, बहुधा उतारावर.

पण उत्तम ब्रेकही आपल्या बाजूचं काम करतात. उरलेली बाजू दुसऱ्याच्या डोक्यात असते. हा सायकलवाला पुढच्या क्षणी कुठे असेल, याचा अंदाज मागच्या गाडीवाल्याला, समोरच्या पादचाऱ्याला येतो की नाही, यावर निम्मी सुरक्षितता ठरते. माझ्या मते सायकलवाल्याची जबाबदारी म्हणजे मुख्यतः हा अंदाज येऊ देणं.

त्यासाठी सरळ रेषेत चालवावं. उभ्या गाड्यांच्या रांगेत जरा जागा दिसली की आत शिरायचं आणि पुढची गाडी आली की पुन्हा बाहेर यायचं, हे नम्रपणाचं वाटतं, पण मागच्याला आपण दिसेनासे होतो आणि अचानक पुन्हा उगवतो. गाडीचं दार उघडलं की सुमारे मीटरभर जागा खातं, म्हणून उभ्या गाड्यांपासून मीटर-सव्वा मीटर अंतर ठेवून एकच रेषा धरावी. अगदी कडेला चिकटू नये; काचा, खडी आणि गटाराच्या जाळ्या तिथेच असतात आणि त्या चुकवताना माणूस अचानक आत झुकतो.

वळायचं असेल तर आधी खांद्यावरून मागे बघायचं, मग हात दाखवायचा, मग हात हँडलवर परत आणून वळायचं. हात दाखवून तसंच एका हाताने वळणारे खड्ड्यात फसतात.

उलट दिशेने येणाऱ्यांचं समर्थन ठरलेलं असतं: ‘समोरची गाडी दिसते ना!’ दिसते, पण वेगांची बेरीज होते. ताशी ४०ची गाडी आणि ताशी १५ची सायकल एकाच दिशेने असतील तर फरक २५चा, समोरासमोर असतील तर ५५चा. शिवाय गल्लीतून बाहेर येणारा चालक वाहतूक येते त्याच बाजूला बघतो. भलत्या बाजूने येणारा त्याच्या हिशेबातच नसतो.

लांब वाहन वळतं तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, आतली बाजू कापत येतात. सिग्नलला ट्रक आणि फुटपाथ यांच्यामधल्या फटीत शिरणारा नेमका तिथे उभा असतो. आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही. मागेच थांबावं.

दिव्यांबाबत थोडक्यात: पुढे पांढरा, मागे लाल. पुढच्याचा झोत रस्त्याकडे झुकलेला हवा, समोरच्याच्या डोळ्यांत नको. मागचा दिवा कॅरिअरवरच्या पिशवीने झाकत नाही ना, हे सामान बांधल्यावर बघायचं. पॅडलचे रिफ्लेक्टर काढू नयेत. ते वरखाली हलतात, त्यामुळे अंधारात पुढे चाललीय ती सायकल आहे हे लगेच कळतं.

घंटी लांबून, एकदा, हलकी. पाठीशी येऊन वाजवली तर माणूस दचकून कुठल्याही बाजूला उडी मारतो, अनेकदा आपण जाणार त्याच बाजूला.

फुटपाथचं भांडण सायकलपेक्षाही जुनं म्हणायला हरकत नाही. कार्ल ड्राइसने १८१७ साली पायांनी ढकलत पळवायचं लाकडी दुचाकी यंत्र काढलं, तेव्हा त्याला पॅडलही नव्हते. तरी ते पदपथांवर आलं आणि काही शहरांना बंदी घालावी लागली. फुटपाथवर जायचंच असेल तर उतरून सायकल हातात धरून चालावं.

उतरल्यावर सायकल कुठे लावतो, हेही यातच येतं. दृष्टिहीनांना वाट कळावी म्हणून फुटपाथवर पट्टीसारख्या लावलेल्या उठावाच्या फरशा १९६७ साली जपानमधल्या ओकायामा शहरात प्रथम बसल्या आणि आता कितीतरी शहरांत दिसतात. त्या पट्टीवर उभ्या केलेल्या सायकलीच्या दोन चाकांमधून पांढरी काठी अलगद पलीकडे जाते, काठीला काहीच लागत नाही. हँडल लागतं ते थेट पोटाला. पट्टी सोडून, भिंतीला समांतर, हँडल भिंतीकडे वळवून लावायला दहा सेकंद पुरतात.