लंबक आमचा, मशीन परकं

जुन्या वस्तू मी ऑनलाइन विकतो, पण परत आलेलं पार्सल कधी एकट्याने उघडत नाही. मुलगी मोबाइलवर व्हिडिओ घेते, मी खोक्याच्या सहाही बाजू तिला दाखवतो आणि मगच चिकटपट्टी कापतो. त्या दिवशी घड्याळ खोक्यातून निम्मं बाहेर आलं असेल नसेल, तोच ती म्हणाली, "बाबा, हें आमचें न्हय."

पेटी तर आमचीच होती. सागवानी, डाव्या कोपऱ्यात वाळवीने कोरलेलं आणि मी लाखेने बुजवलेलं भोक, काचेवरचा ओरखडा, सगळं जागच्या जागी. पण टोलाच्या हातोड्या प्रवासात आपटू नयेत म्हणून मुलीने लाल दोऱ्याने बांधल्या होत्या. आता तिथे रबर बँड होता.

हे घड्याळ मला गोव्यात, बार्देशातल्या एका जुन्या घरात मिळालं. घरची तरुण मंडळी पोर्तुगालच्या पासपोर्टवर इंग्लंडला गेलेली, घर विकायला काढलेलं, सामान उपसायची घाई. असली घरं हल्ली गावोगाव रिकामी होतात. आजोबा तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी, बोटीवरून उतरताना कुठल्याशा बंदरातून त्यांनी हे आणलं, एवढंच घरच्यांना माहीत. कंपनी जर्मन, युंगहान्स. मागच्या पितळी प्लेटवर आठ टोकांचा तारा आणि त्याखाली 'बी ३४', म्हणजे १९३४ सालचा दुसरा सहामाही माल. घड्याळ हातात आलं की हा आकडा मी सगळ्यात आधी बघतो. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा शंभर वर्षं ओलांडलेल्या वस्तूंना लागू होतो. त्यांचा व्यापार करायचा तर परवाना लागतो आणि देशाबाहेर पाठवायचा तर प्रश्नच नाही. म्हणून मी शंभरीच्या आतलाच माल घेतो. देवादिकांच्या मूर्ती आणि चर्चमधली लाकडी शिल्पं कोणी फुकट दिली तरी हात लावत नाही. गिऱ्हाईक मात्र आजीच्या स्टीलच्या डब्यालाही 'अँटिक' म्हणतं, ते सोडून द्या.

ऑनलाइन विकायला लागल्यापासून ठगांचे नमुने बरेच पाहिले. 'मी फौजेत आहे, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन केलात की पैसे तुमच्या खात्यात' म्हणणारे तर नेमाने येतात. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते फसवू शकत नाहीत. ज्याला ठाऊक नसेल त्याने पैसे गेल्याबरोबर १९३० वर फोन करावा. पण हे चोर सरधोपट. त्यांच्यासमोर मी पेट्रोमॅक्स ठेवला काय नि प्रेशर कुकर ठेवला काय, त्यांना दोन्ही सारखेच.

हा गृहस्थ त्यातला नव्हता. पश्चिम महाराष्ट्रातला, बोलणं अदबीचं, शुद्ध मराठीतले लांबलचक मेसेज. घ्यायच्या आधी त्याने तबकडीचा नाही, मागच्या प्लेटचा फोटो मागितला. मला बरंच वाटलं. कोणीतरी जाणकार भेटला. मशीन पेटीतून बाहेर काढून, स्वच्छ उजेडात फोटो काढून पाठवला. १८,००० रुपये ठरले. पावसाचे दिवस, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घातल्या. लंबक काढून वेगळा गुंडाळला. तो तसाच लटकता ठेवून पाठवला तर ज्या पातळ पोलादी पट्टीवर तो झुलतो ती वाटेतच मोडते, आणि घड्याळ पोचतं ते आंधळ्या पांगळ्यासारखं.

पार्सल पोचलं आणि दुसऱ्याच दिवशी मेसेज: 'मशीन बंद आहे. ६,००० परत करा, मी इथे दुरुस्त करून घेतो.' मी व्हिडिओ पाठवला, ज्यात घड्याळ बारा ठोके देत होतं. त्यावर उत्तर नाही. ज्या साइटवरून विकलं त्या कंपनीकडे थेट तक्रार, 'वर्णनाप्रमाणे वस्तू नाही', आणि वस्तू परत. न्यायला येणारा पोरगा फक्त खोकं बघतो, आत काय आहे याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं. खोकं माझ्या दारात पोचलं की दोन दिवसांत मी हरकत घेतली नाही तर गिऱ्हाइकाचे पैसे आपोआप परत जातात. बनवाबनवीची सगळी जागा या दोन दिवसांत आहे.

तर आम्ही मशीन उतरवलं. तेच पितळ, तोच आठ टोकांचा तारा, चावीची भोकंही तबकडीशी बरोबर जुळलेली. साध्या माणसाने दहा वेळा बघितलं असतं तरी फरक कळला नसता. पण बैठकीच्या फळीत स्क्रूची भोकं दोन सूत बाजूला नव्याने पाडलेली होती. जुन्या सागाच्या काळपट रंगात आतलं लाकूड पिवळं धमक दिसत होतं. आणि प्लेटच्या खालच्या अंगाला, जिथे आमच्या मशीनवर ४२/१०५ कोरलेलं होतं, तिथे होतं ३२/११६.

जर्मन मशीनवरचे हे आकडे घड्याळजींना पाठ असतात. पहिला आकडा लंबकाची लांबी सेंटिमीटरमध्ये, दुसरा मिनिटाचे ठोके, म्हणजे टोल नव्हे, लंबकाची टिकटिक. लंबक लांब तर ठोके कमी. परत आलेला लंबक आमचाच होता, बेचाळीसचा. तो न पाठवावा तर चोरी तिथल्या तिथे उघडी पडली असती, म्हणून त्याने तो इमानेइतबारे पाठवला.

कंपनीच्या मदत केंद्रातल्या मुलाला हे फोनवर समजावणं हे त्या दिवसाचं खरं काम. बिचारा हिंदीतून विचारत होता, "सर, वस्तू तुटली आहे का?" तुटलेली नाही. "मग रंग वेगळा आहे?" नाही. "मग वेगळं काय आहे?" मशीन म्हणजे घड्याळाचं पोट, हे सांगण्यातच बराच वेळ गेला. शेवटी मी हिशोब मांडला. या मशीनला मिनिटाला ११६ ठोके हवेत, हा लंबक १०५ देतो. म्हणजे खऱ्या साठ मिनिटांत काटे सरकणार चोपन्न मिनिटं आणि वर थोडे सेकंद. तासाला पावणेसहा मिनिटं मागे, दिवसाला सव्वादोन तास. असं घड्याळ युंगहान्सच्या कारखान्यातून बाहेर पडेल का, तुम्हीच सांगा. तिकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. बहुतेक त्याने गुणाकार करून पाहिला. मग म्हणाला, "सर, पहिल्या मशीनचा पुरावा?"

पुरावा त्यांच्याच संदेशपेटीत होता, गिऱ्हाइकाने स्वतः मागितलेला. प्लेटचा फोटो, तारीखवार. मुलीचा पार्सल उघडतानाचा व्हिडिओ त्याला जोडला. काही दिवसांनी निकाल आला: परताव्याची मागणी फेटाळली, रक्कम विक्रेत्याला, वस्तू गिऱ्हाइकाने घेऊन जावी. त्याच्या खात्यावर मात्र काही कारवाई झाली नाही. ते अजून चालू आहे, पाच तारे मिरवत. हे मला आजही खटकतं. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला ३१८ वं कलम आहे, पण पैसे मिळालेल्या माणसाने पोलीस ठाण्यात जाऊन ४२ आणि ३२ चा हिशोब नव्याने मांडायचा, एवढी उमेद माझ्यात नव्हती.

मी पार्सल बांधायला घेतलं, तेवढ्यात त्याचा फोन. "पाठवू नका साहेब, मीच येतोय." मला वाटलं भांडायला येतोय. शुक्रवारी, म्हापशाच्या बाजाराच्या गर्दीत, हा माणूस दुकानात हजर. साठीचा, पांढरा सदरा, खिशाला घड्याळजींचं भिंग. चेहऱ्यावर ओशाळलेपण शोधलं, सापडलं नाही.

"काका, आमचं मशीन कुठे आहे?"

"चालतंय की. आमच्याकडच्या एका वकिलांच्या दिवाणखान्यात. त्यांच्या मशीनची स्प्रिंग तुटून चाकाचे दात गेले होते. वकिलांनी शब्द घेतला होता माझ्याकडून, युंगहान्सचंच मशीन पाहिजे म्हणून." मग आवाज खाली आणून म्हणाला, "लंबक द्या तेवढा."

आता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वकिलांच्या घड्याळाचा लंबक बत्तिसाचा. त्यावर आमचं मशीन तासाला सहा मिनिटांहून जास्त पुढे पळत होतं. याने कातकाम्याकडून लंबक लांबवून घेतला, पण तो वेळ धरेना. वकील रोज फोन करत होते. मुलगी मागच्या बाजूला जाऊन हसली, ते आम्हा दोघांनाही ऐकू आलं.

"असं का केलंत?" मी विचारलं.

"नुसतं मशीन विकलं असतंत?"

"नसतं विकलं."

"मग?" जणू चूक माझी होती.

लंबक त्याचाच होता, पैसे भरलेले, दिला. त्याने भिंग लावून पट्टीचा हूक तपासला, रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या आत ठेवला. मग उरलेल्या पेटीकडे बोट केलं. "हे धूड एसटीत कुठे नेऊ? चोरला घाटात काच फुटेल. तुम्हीच ठेवा. चार हजार द्या."

माझीच पेटी, आत त्याचं मेलेलं मशीन, आणि भाव चार हजार. मी हजार म्हटलं. त्याने सागवानाची तारीफ केली, मी वाळवीचं भोक दाखवलं. त्याने काचेची तारीफ केली, मी ओरखडा दाखवला. दोन हजारांवर तुटलं. पैसे काढण्याआधी मी कोरा कागद पुढे केला आणि सांगितलं तसं त्याने लिहून दिलं: सागवानी पेटी एक, मशीन ३२/११६, बंद, लंबक नाही. खाली सही केली, तारीख घातली, आणि वाचून दाखवताना 'बंद'च्या खाली स्वतःहूनच रेघ ओढली.